राखेखालच्या बेटाचा संघ

मार्च 1995 मध्ये मॉन्टसेराट या कॅरिबियन बेटाच्या फुटबॉल संघाने शेजारच्या अँग्विलाला हरवले. चारच महिन्यांनी, 18 जुलैला, बेटाच्या दक्षिणेचा सूफ्रिए हिल्स ज्वालामुखी जागा झाला. कित्येक पिढ्यांनी त्याला फक्त हिरव्या डोंगराच्या रूपात पाहिले होते. पुढच्या दोन वर्षांत बेटाची घडीच मोडली. 25 जून 1997 च्या उद्रेकात 19 माणसे मेली. राजधानी प्लिमथ राख आणि चिखलाखाली गाडली गेली आणि विमानतळही गेला. एकूण 102 चौरस किलोमीटरच्या बेटाचा सुमारे दोन तृतीयांश भाग राहण्यास बंद झाला. आधी दहा-बारा हजार माणसे तिथे राहत होती. आज पाच हजारही नाहीत. बाकीची अँटिग्वाला गेली, इंग्लंडला गेली, आणि त्यांतली बहुतेक परतली नाहीत.

फुटबॉल संघ मात्र राहिला. तो का राहिला आणि कोणाच्या बळावर राहिला, हा मला खेळापलीकडचा प्रश्न वाटतो.

मॉन्टसेराट हा स्वतंत्र देश नाही. तो ब्रिटनचा सागरपार प्रदेश आहे. तिथे गव्हर्नर लंडनहून येतो आणि संयुक्त राष्ट्रांत बेटाला जागा नाही. पण फिफाचे सभासदत्व त्याला 1996 मध्येच मिळाले होते, म्हणजे राजधानी अजून पुरती गाडली गेली नव्हती तेव्हा. फिफाच्या सभेत मॉन्टसेराटचे मत ब्राझीलच्या मताइतकेच मोजले जाते. सार्वभौम नसलेल्या भूभागाला वेगळा संघ ही फुटबॉलमध्ये नवलाची गोष्ट नाही. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड हे चार संघ फिफा जन्मण्याआधीपासून एकमेकांशी खेळत आले, आणि त्या जुन्या सवयीची सावली पुढच्या सगळ्या नियमांवर पडली. तरी दार सर्वांना सारखे उघडे नाही. डेन्मार्कच्या राज्यातली फेरो बेटे 1988 मध्ये फिफात आली. त्याच राज्यातल्या ग्रीनलंडचा अर्ज उत्तर व मध्य अमेरिकेच्या महासंघाने जून 2025 मध्ये एकमताने फेटाळला. दोघांत लायकीचा फरक काय, हे मला तरी दिसत नाही. एक वेळेत पोचला, दुसऱ्याला उशीर झाला, इतकेच.

मॉन्टसेराट वेळेत पोचला, पण सभासदत्वाने संघ उभा राहत नाही. पाचेक हजार माणसांत तरुण मुलगे किती निघणार, आणि त्यांत पोलीस, सुतार, शाळकरी पोरे वजा करून तालमीला किती उरणार? 30 जून 2002 ला योकोहामात ब्राझील आणि जर्मनी विश्वचषकाचा अंतिम सामना खेळले. त्याच दिवशी थिंफूत फिफाच्या यादीतले शेवटचे दोन संघ, भूतान आणि मॉन्टसेराट, एकमेकांसमोर उभे होते. नेदरलँड्सचा संघ त्या विश्वचषकाला पात्रच ठरला नव्हता, आणि ही लढत त्याच देशातल्या योहान क्रेमर या दिग्दर्शकाच्या डोक्यातून निघाली होती. समुद्रकाठची ही माणसे अर्धे जग ओलांडून दोन हजार मीटरहून उंच हवेत खेळली आणि 4-0 हरली. 2004 मध्ये बर्म्युडाने त्यांच्यावर एकाच सामन्यात 13 गोल केले.

यानंतर जे घडले त्याची मुळे ज्वालामुखीच्याही मागे जातात. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला कामगार हवे होते आणि मॉन्टसेराटची उसाची, कापसाची शेती माणसे पोसू शकत नव्हती. पन्नास-साठच्या दशकांत बेटावरची हजारो माणसे बोटीने इंग्लंडला गेली आणि लंडनच्या स्टोक न्यूइंग्टनसारख्या भागांत एकमेकांच्या आधाराने राहिली. त्यांची मुले-नातवंडे तिथल्या गल्लीमैदानांवर, क्लबांच्या अकादम्यांत फुटबॉल शिकली. फिफाचा एक नियम त्यांच्या कामी आला. मॉन्टसेराटचे लोक ब्रिटिश नागरिक, म्हणून पासपोर्टवरून कोण कुठला ते ठरत नाही. तेव्हा नियम दुसरे विचारतो: तू तिथे जन्मलास का? आई-वडिलांपैकी कोणी तिथे जन्मले का? आजी-आजोबांपैकी कोणी? की तू स्वतः ठरावीक वर्षे तिथे राहिलास? यांपैकी एकाचे उत्तर होकारार्थी असले की पुरे.

लंडनच्या ग्रिनिचमध्ये जन्मलेला आणि इंग्लंडच्या व्यावसायिक लीगमध्ये वर्षानुवर्षे खेळलेला लाइल टेलर असाच संघात आला. 2015 मध्ये मॉन्टसेराटने क्युरासाओला विश्वचषकाच्या पात्रता फेरीत घाम फोडला. दोन सामने मिळून मॉन्टसेराट 4-3 असा थोडक्यात हरला. (त्याच क्युरासाओने नोव्हेंबर 2025 मध्ये विश्वचषकात प्रवेश मिळवला. तिथवर पोचलेला तो लोकसंख्येने सर्वांत लहान देश, आणि त्याचेही बहुतेक खेळाडू नेदरलँड्समध्ये जन्मलेले.) उत्तर व मध्य अमेरिकेच्या महासंघाच्या 2018-19 च्या नेशन्स लीग पात्रतेत मॉन्टसेराटने चारपैकी तीन सामने जिंकले आणि त्याच महासंघाच्या गोल्ड कप स्पर्धेतली जागा केवळ गोलफरकाने हुकली. 2021 च्या विश्वचषक पात्रतेत तर गटातल्या चार सामन्यांत एकदाही हार नव्हती. तेरा गोल खाणाऱ्या संघाची ही वाटचाल.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. ज्या बेटावर हे खेळाडू कधी राहिले नाहीत त्याचे ते प्रतिनिधी कसे? भाड्याने आणलेला संघ राष्ट्रीय कसा? आक्षेप सरळ आहे, पण मला तो अपुरा वाटतो. हे तरुण लंडनला का जन्मले, हे तो विचारत नाही. आफ्रिकेतून माणसे धरून या बेटावर आणली गेली ती ब्रिटनच्या साखरेसाठी. 1768 मध्ये सेंट पॅट्रिक दिनी, आयरिश मळेवाले मेजवानीत दंग असताना, गुलामांनी उठाव करायचे ठरवले. बेत फुटला आणि नऊ जणांना फाशी झाली. आज 17 मार्चला बेटावर सुट्टी असते आणि त्या उठावाचीही आठवण काढली जाते. पुढे त्या गुलामांच्याच वंशजांना ब्रिटनने मजूर म्हणून बोलावले. ज्वालामुखीनंतर मदतीची मागणी झाली तेव्हा लंडनच्या मंत्री क्लेअर शॉर्ट म्हणाल्या होत्या की हे लोक पुढे सोन्याचे हत्ती मागतील. इथल्या कुटुंबांची पांगापांग कधीच पूर्ण त्यांच्या मर्जीची नव्हती. मग आजीचे जन्मगाव हा पुरावा धरणारा नियम मला पळवाट वाटत नाही. इतिहासाने तोडलेला दुवा तो कागदावर पुन्हा जोडतो.

भारतात आपण याच्या उलट टोकाला उभे आहोत. 2008 पासून सरकारी धोरण असे की भारताकडून खेळायचे तर भारतीय पासपोर्टच हवा. पर्थला जन्मलेल्या रायन विल्यम्सची आई मुंबईची. 2025 मध्ये त्याने ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडले, तेव्हा त्याला भारतीय संघाचे दार उघडले. एवढ्या मोठ्या देशाला असा हट्ट परवडतो. पाच हजारांच्या बेटाला परवडत नाही.

आपल्याला मॉन्टसेराटचे नाव क्रिकेटमधूनही क्वचितच ऐकू येते, त्याचे कारण वेगळे आहे. क्रिकेटमध्ये बहुतेक कॅरिबियन बेटे वेस्ट इंडिज या एका नावाखाली उतरतात. मॉन्टसेराटचा लायनेल बेकर 2008 मध्ये कसोटी खेळला, बेटाच्या बाबतीत असे प्रथमच घडले, पण धावफलकावर नाव वेस्ट इंडिजचेच. वेस्ट इंडिजची ती एकजूट वसाहतींतून सुटणाऱ्या लोकांनी कमावलेली थोर गोष्ट आहे, तिचे मोल मी कमी करत नाही. पण राजधानी राखेखाली गेलेल्या बेटाला आपले नाव जगापुढे उच्चारले जाण्याची गरज अधिक असते, आणि ते काम फुटबॉल करतो.

पुढची अडचण फिफाच्या नियमातच आहे. त्याची साखळी आजी-आजोबांवर थांबते. पन्नासच्या दशकात बोटीने गेलेल्यांची नातवंडे आज खेळण्याच्या वयाची किंवा त्याच्याही पुढची आहेत; त्यांच्या मुलांना हा हक्क नाही. 1997 च्या आसपास बेट सोडलेल्यांमुळे आणखी दोन पिढ्या मिळतील. त्यानंतर उत्तरेच्या ब्लेक्स इस्टेटच्या मैदानावर तालीम करणाऱ्या मुलांवरच सगळे येईल. त्यांच्यासाठी प्रशिक्षक, शेजारच्या बेटांना सामन्यांसाठी जाण्यायेण्याचा खर्च आणि वर्षभर चालणारी लीग यांची तजवीज आत्ताच व्हायला हवी. त्याचबरोबर आपत्तीमुळे लोक विस्थापित झालेल्या प्रदेशांसाठी फिफाने पणजीपर्यंत मागे जाण्याची सवलत द्यावी, असे मला वाटते. उद्या समुद्राची पातळी वाढून पॅसिफिकमधली बेटे रिकामी व्हायला लागली, तर हा प्रश्न एकट्या मॉन्टसेराटचा राहणार नाही.