उजेडाच्या कडेला

गणपतराव देशमुख गेल्याची बातमी आली तेव्हा मी डेस्कवर होतो. ३० जुलै २०२१, शुक्रवारची रात्र. सोलापुरात काही दिवस त्यांच्यावर उपचार चालू होते, वय नव्वदीच्या पुढचं; त्यामुळे त्यांच्यावरचा मजकूर आमच्याकडे तयारच होता. तारीख घालायची, ‘आहेत’चं ‘होते’ करायचं आणि पान सोडायचं. आमच्या धंद्यात मरणाचं व्याकरण एवढंच.

त्या मजकुरातला शेवटून दुसरा परिच्छेद माझा होता. शेतकरी कामगार पक्ष एकेकाळी या राज्यातला मोठा विरोधी पक्ष. तो आटत आटत रायगड आणि सांगोल्यापुरता का उरला? एकाच माणसाला अकरा वेळा निवडून देणाऱ्या तालुक्यात दुसरी फळी का उभी राहिली नाही? असे दोन प्रश्न मी त्यात विचारले होते. आमच्या ज्येष्ठांनी ते वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला, “आज नको रे,” म्हणाले आणि परिच्छेद काढून टाकला. मी काही बोललो नाही. तेव्हा मलाही ते पटलंच होतं.

पान जायच्या आत अण्णांचा फोन आला.

“आबा गेलं रं,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “पयल्या पानावर घेतलंय न्हवं?”

“घेतलंय.”

“वरच्या अंगाला का खालच्या?”

हे अण्णांनी विचारावं याचं मला नवल वाटलं. आमचे अण्णा सांगोला तालुक्यातल्या एका खेड्यातले, आणि जन्माचे काँग्रेसवाले. गणपतरावांना, म्हणजे आख्ख्या तालुक्याच्या आबांना, त्यांनी आयुष्यात एकदाही मत दिलेलं नाही. आबा १९६२ साली पहिल्यांदा आमदार झाले आणि २०१४ मध्ये अकराव्यांदा. मधे दोनदाच पडले, १९७२ ला आणि १९९५ ला. पंचाण्णवला मतमोजणीच्या टेबलावर अण्णा काँग्रेसतर्फे बसले होते. आबा १९२ मतांनी पडले. हा आकडा आमच्या घरात पाढ्यासारखा पाठ होता. कुणी ‘जवळपास दोनशे’ म्हटलं तरी अण्णा दुरुस्त करायचे.

बाहेरच्यांच्या ध्यानात येत नाही ती गोष्ट अशी की, आबा विरोधी पक्षात होते ते मुंबईत. १९७८ आणि १९९९ च्या मंत्रिपदाची थोडी वर्षं सोडली, तर विधानसभेत त्यांची हयात विरोधी बाकांवर गेली; आणीबाणीनंतर काही काळ ते विरोधी पक्षनेतेही होते. सांगोल्यात मात्र सूतगिरणीपासून गावच्या सोसायटीपर्यंत त्यांचाच लाल बावटा. तिथे विरोधी पक्ष म्हणजे आमचे अण्णा. ते विरोधकाचे विरोधक होते, आणि दोन्हीकडून उपाशी. मुंबईत त्यांच्या पक्षाचं सरकार असायचं, पण तालुक्यात त्यांना कोण विचारणार? विहिरीच्या वीजजोडणीसाठी आमदाराचं पत्र घेऊन ये, असं एका बाबूने त्यांना सांगितलं होतं. अण्णा गेले नाहीत. जोडणी दोन वर्षं उशिरा आली आणि आईने त्यांना ते शेवटपर्यंत ऐकवलं.

पण आबांची सभा त्यांनी कधी चुकवली नाही. लहानपणी मीही त्यांचं बोट धरून जायचो. देवळापुढे बांबूला एक बल्ब टांगलेला असायचा. त्याचा उजेड जिथे संपतो, तिथे अण्णा उभे राहायचे. पुढे सतरंजीवर बसायचं नाही, टाळी वाजवायची नाही, आणि सभा संपेपर्यंत हलायचंही नाही. मग घरापर्यंतच्या दोन मैलांत अख्ख्या भाषणाची झडती. “टेंभूचं पाणी येणार म्हणलं, पर कवा त्ये न्हाई सांगितलं.” “रोजगार हमीच्या हजेरीपटाचं बोललं त्ये बराबर हाय, पर…” त्या ‘पर’नंतर गाव यायचं. भाषण ऐकावं कसं आणि खोडावं कसं, हे मी कुठल्या वर्तमानपत्रात शिकलो नाही. त्या अंधाऱ्या रस्त्यावर शिकलो.

त्या रात्री डेस्कवर शोकसंदेशांची रीघ लागली. सगळ्या पक्षांचे, सगळ्या थरांतले. पंधरा-वीस संदेश एकापाठोपाठ एक वाचले की लक्षात येतं, त्यांत तीनच गोष्टी आहेत. एसटीने प्रवास करणारा आमदार. एकाच मतदारसंघातून अकरा वेळा विजय. आयुष्यभर एकच पक्ष, एकच झेंडा. आणि शेवटी ती ठरलेली पोकळी, कधीही भरून न येणारी. मराठी वर्तमानपत्रांतून आजवर जेवढ्या पोकळ्या निर्माण झाल्या, तेवढ्या खऱ्या असत्या तर हे राज्य चाळणीसारखं दिसलं असतं.

मेल्या म्हशीला मणभर दूध, असं म्हणून हे उडवून लावता येईल. मला तसं करावंसं वाटत नाही, कारण त्या संदेशांतलं एकही वाक्य खोटं नव्हतं. आबा एसटीने फिरत, हे खरंच. पक्ष सोडायची संधी पावलोपावली असताना ते जागचे हलले नाहीत, हेही खरं. आणि पाठवणाऱ्यांचं दुःखही मी खोटं म्हणणार नाही. विधिमंडळात माणसं वर्षानुवर्षं समोरासमोर बसतात. समोरच्याचा आवाज, खाकरणं, कागद चाळायची पद्धत ओळखीची होते. अधिवेशनाच्या आरंभी शोकप्रस्ताव येतो, तेव्हा दोन्ही बाजू उभ्या राहतात. त्या दोन मिनिटांत बरंचसं खरं असतं.

पण जे खरं आहे तेवढंच सांगितलं, तरी माणूस निम्मा होऊ शकतो.

आबा एसटीत बसून जायचे कुठे? तर मुंबईला, विधानसभेत, प्रश्न विचारायला. माणदेश हा पावसाने टाकलेला मुलूख. बाहत्तरच्या दुष्काळात इथल्या माणसांनी रस्त्यावर खडी फोडली. कृष्णेचं पाणी या तेरा दुष्काळी तालुक्यांना मिळावं, म्हणून नागनाथअण्णा नायकवडींनी आटपाडीला पाणी परिषद उभी केली, तेव्हा आबा त्यांच्या खांद्याला खांदा लावून होते. टेंभू आणि म्हैसाळ या योजनांची नावं आमच्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. नद्यांच्या आधी आम्ही उपसा योजना शिकतो. त्यांच्यासाठी निधी का नाही, पंप का बंद, वीजबिल कुणी भरायचं, हे वर्षानुवर्षं विचारत राहणं म्हणजे विरोधी आमदाराचं काम. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, कपात सूचना, अर्ध्या तासाची चर्चा. उत्तर आलं नाही तर पुढच्या अधिवेशनात पुन्हा तेच.

या कामाची कोनशिला नसते. धरणाचं भूमिपूजन करणाऱ्याचं नाव संगमरवरात कोरतात. ते धरण व्हावं म्हणून पंचवीस वर्षं उठून उभं राहणाऱ्याचं नाव सभागृहाच्या कार्यवृत्तात राहतं, आणि ते खंड कोण उघडतो? त्यामुळे असा माणूस गेला की त्याचं काय आठवावं, हेच लोकांना सुचत नाही. मग हाताला लागतो त्याचा साधेपणा. एसटी डोळ्यांना दिसते. प्रश्न दिसत नाही.

यातला दुसरा भाग मला जास्त टोचतो. साधेपणाची स्तुती कुणालाच अडचणीची नसते. ज्याच्या गाडीमागे सहा गाड्या धावतात, तोही एसटीवाल्या आमदारापुढे हात जोडू शकतो. त्याला काही द्यावं लागत नाही. ‘पाणी कधी?’ या प्रश्नापुढे हात जोडले, तर मात्र उत्तर द्यावं लागतं. म्हणून विरोधी नेत्याच्या निधनानंतर सगळे मिळून त्याला पटकन संत करून टाकतात. संताला विरोध करता येत नाही. आणि संताने मागितलेलं पाणी, निधी, हजेरीपट हे सगळं त्याच्यापुढे किरकोळ वाटू लागतं.

मृणाल गोरे या बाबतीत भाग्यवान. जुलै २०१२ मध्ये त्या गेल्या, तेव्हाही साधेपणाची वर्णनं आलीच. पण गोरेगावच्या बायकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ करून ठेवलं होतं. नावालाच प्रश्न चिकटलेला. नाव घ्यायचं तर नळाची आठवण ठेवावीच लागते. आबांच्या नावाला एसटी चिकटली.

सहा महिन्यांच्या आत, १७ जानेवारी २०२२ ला, कोल्हापुरात एन. डी. पाटील गेले. त्याच पक्षाचे, त्याच पिढीचे. शरद पवार त्यांचे मेहुणे. मेहुणे केंद्रात मंत्री असताना एनडी रायगडमध्ये सेझच्या विरोधात शेतकऱ्यांबरोबर उभे होते, आणि पुढे कोल्हापूरच्या टोलविरोधी लढ्यातही उतारवयात रस्त्यावर आले. जेवणाच्या पंगतीत नातं आणि रस्त्यावर विरोध, दोन्ही एकाच आयुष्यात कसं निभावायचं, हे त्या घराकडून शिकण्यासारखं. त्या दिवशीचा मजकूरही मीच पाहिला. पोकळी पुन्हा आली होती. मी ती काढली, आणि सकाळी पाहतो तर मथळ्यात होती.

आता लोकांबद्दल. नेत्यांच्या शोकापेक्षा लोकांचा शोक खरा, असं आपण धरून चालतो. मधू दंडवत्यांना राजापूर मतदारसंघाने १९७१ पासून सलग पाच वेळा लोकसभेत पाठवलं. कोकण रेल्वेसाठी त्यांनी जिवाचं रान केलं; महामंडळ झालं, काम सुरू झालं, आणि १९९१ मध्ये त्याच कोकणाने त्यांना पाडलं. २००५ मध्ये ते गेले तेव्हा तोच कोकण हळहळला. सांगोल्याचंही तसंच. २०१९ ला आबा उभे राहिले नाहीत. नातू उभा होता, प्रचाराला आबा होते, आणि पक्ष ७६८ मतांनी हरला. दोन वर्षांनी त्याच तालुक्यात चूल न पेटलेली घरं मी मोजली असती तर मतांच्या हिशेबाशी ती जुळली नसती. पुढच्याच वर्षी सांगोल्याच्या नव्या आमदारांचं गुवाहाटीहून फोनवर केलेलं झाडी-डोंगार-हाटीलाचं वर्णन महाराष्ट्रभर गाजलं. साठ वर्षांच्या प्रश्नांनी सांगोल्याचं जे नाव पुण्यामुंबईच्या तोंडी बसलं नव्हतं, ते एका फोनने बसवलं. आणि २०२४ ला लोकांनी आबांच्याच दुसऱ्या नातवाला, त्यांच्याच पक्षाकडून, चांगल्या मताधिक्याने निवडून दिलं.

यातून लोक कृतघ्न आहेत असं मला म्हणायचं नाही. मत ही पुढची गोष्ट असते आणि शोक मागची. मत देताना माणूस उद्याचा हिशेब करतो, रडताना कालचा. दोन्ही हिशेब जुळलेच पाहिजेत असं नाही. पण कालच्या हिशेबात आपण स्वतःला सोयीचे आकडे भरतो, एवढं कबूल करायला हवं.

दुसऱ्या दिवशी सांगोल्यात आबांवर अंत्यसंस्कार झाले. कोरोनाचे दिवस, तरीही अण्णा शेजारच्या पोराच्या मोटरसायकलवर बसून गेले. मी संध्याकाळी फोन केला आणि आधी ओरडलो, “गर्दीत शिरला नाहीत ना?”

“न्हाई. कडंलाच हुबा हुतो.”

“लोक काय म्हणत होते?”

“समदी येष्टीचंच बोलत हुती,” अण्णा म्हणाले. “पाण्याचं कोनी काढलं न्हाई.”

मी गप्प बसलो. माझ्या पहिल्या पानावर, वरच्या अंगाला, एसटीचंच छापलेलं होतं.

दिवाळीत गावी गेलो, तेव्हा तो काढून टाकलेला परिच्छेद मोबाइलमध्ये घेऊन गेलो होतो. अण्णा डाळिंबाच्या बागेत होते. त्या वर्षी तेल्या रोगाने बरीच झाडं धरली होती. काळे डाग पडून तडकलेली फळं तोडून ते टोपलीत टाकत होते. मी बांधावर बसून त्यांना परिच्छेद वाचून दाखवला. पक्ष का आटला. दुसरी फळी का नाही. मला वाटलं, अण्णा खूश होतील. पन्नास वर्षं ते हेच तर म्हणत आले होते.

अण्णांनी हातातलं फळ टोपलीत टाकलं.

“कुनी लिव्हलंय ह्ये?”

“मी.”

“चुकीचं हाय.” आणि ते सुरू झाले. पक्ष आटला म्हणतोस, पण बाकीचे वाढले ते कशावर वाढले ते लिही की. दुसरी फळी नाही म्हणतोस, मग आमच्या पक्षात किती फळ्या होत्या त्या मोज, आणि आता त्या कुठल्या कुठल्या पक्षात आहेत तेही मोज. बाहत्तरला पडल्यावर आबा घरी बसले का? चौऱ्याहत्तरच्या पोटनिवडणुकीला पुन्हा आलेच ना? मी म्हटलं, पण अण्णा, एका माणसावर पक्ष उभा राहिला तर तो माणूस गेल्यावर काय? ते म्हणाले, ह्ये बराबर हाय, पर…

सूर्य खाली गेला होता. आईने दोनदा हाक मारली. अण्णा आबांच्या बाजूने भांडत होते आणि मी अण्णांच्या जुन्या बाजूने, आणि दोघांपैकी कुणीही एसटीचं नाव काढलं नव्हतं. मी उठायला लागलो तसा त्यांनी माझा दंड धरला.

“बस खाली,” ते म्हणाले. “माजं झालं न्हाई आजून.”