मानेवरचा भार

एका तरुणाकडे मामाची जुनी बुलेट होती. 1955 साली मद्रासमध्ये एन्फिल्ड इंडियाने ज्या घडणीच्या गाड्या जोडायला सुरुवात केली, त्याच घराण्यातली. बिडाचं इंजिन, पुढे ड्रम ब्रेक आणि सडपातळ शॉकअप. टाकी, सीट, हँडल त्याने हौसेने बदलून घेतलं होतं. पण खड्ड्यात गाडी डुचमळायची, आणि ब्रेक दाबला तरी वेळेवर थांबायची नाही.

जुन्या बाजारात त्याला चाकणला बनलेल्या ड्यूकचे शॉकअप मिळाले. जाड नळी वर, 43 मिलिमीटरचा दांडा खाली. सोबत डिस्क ब्रेक आणि 17 इंची चाक. जवळच्या गॅरेजवाल्याने ते एका दिवसात बसवून दिले. शॉकअप धरणाऱ्या नव्या टीचा दांडा चॅसीच्या मानेत नीट बसेना, तेव्हा वॉशर घालून नट आवळला. गाडी देखणी दिसू लागली. मात्र मोठ्या रस्त्यावर वेग वाढला की हँडल थरथरायचं.

तरुण एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेला. म्हणाला, “मिस्त्री, शॉकअप खराब निघाले. दुसरे बघून द्या.”

मिस्त्रीने शॉकअपला हातही लावला नाही. त्याने मानेच्या तिरप्या रेषेत एक काठी धरली आणि ती जमिनीला टेकली तिथे खडूने खूण केली. मग चाकाच्या मधोमध ओळंबा सोडून दुसरी खूण केली. तसंच शेजारच्या जुन्या बुलेटचं मोजलं. तरुणाच्या गाडीत दोन खुणांमधलं अंतर कमी भरलं.

“चाक लहान झालं, शॉकअप आखूड पडले, गाडी तोंडावर आली,” मिस्त्री म्हणाला. “या अंतराच्या जोरावर चाक सरळ राहतं. ते घटलं की हँडल बिथरतं.”

मग त्याने पुढचा भाग उतरवला. मानेचा सांधा घासून स्वच्छ केला आणि त्यावर रॉकेल चोपडलं. थोड्या वेळाने पुसून कोरडं केलं आणि वरून खडूची पूड भुरभुरली. दोघे थांबले. पांढऱ्या पुडीवर केसाएवढी एक ओली रेघ उमटली. तड्यात शिरलेलं रॉकेल बाहेर झिरपत होतं.

तरुण घाबरला. “जुन्या शॉकअपवर कधी काही झालं नव्हतं!”

“जुना ब्रेक गाडीला विनवायचा, पोरा. हा हुकूम करतो. हुकमाचा धक्का मानेनेच सोसायचा असतो.”

“मग हे काढून जुनेच लावू?”

“कशाला? शॉकअप चांगले आहेत. पण आरटीओत विचारून ये, मगच पुढचं काम.”

तरुण विचारून आला आणि काम सुरू झालं. वेल्डरने तडा भरून मानेला दोन्ही बाजूंनी पट्ट्या दिल्या. लेथवाल्याने मानेच्या मापाचा नवा दांडा कातून टीमध्ये दाबून बसवला. छर्र्यांच्या जागी टेपर बेअरिंग आले. डिस्कच्या हबवर 19 इंची रिम विणली. स्प्रिंगा काढून, शॉकअप पूर्ण दाबून चाक कुठे घासत नाही ना ते पाहिलं. काठी आणि ओळंबा पुन्हा लावला. अंतर भरून आलं होतं. या सगळ्याला शॉकअपच्या किमतीपेक्षा जास्त पैसे लागले. तरुणाने ते कुरकुर न करता दिले.

गाडी रस्त्यावर आली. वेगातही हँडल स्थिर राहिलं, ब्रेक लावला तिथे गाडी थांबली.

घरात सून येते, संस्थेत नवा कार्यकर्ता येतो, शाळेत नवी पद्धत येते. चार दिवसांत खडखड सुरू झाली की आपण येणाऱ्याला दोष देतो, नाहीतर जुन्याला मोडीत काढतो. पण नव्याची ताकद ज्या सांध्यातून जुन्यात उतरते, तो सांधा कुणी तपासलेला नसतो. नव्याचं स्वागत करावं, जुन्याचा मान राखावा. आणि दोघांना जोडण्याआधी त्या सांध्यावर वेळ आणि पैसा मोकळ्या हाताने खर्च करावा.