तीन पुडे, वर एक पान

मे महिना. पोंभुर्ण्यातली एक पडवी.

खाली बसा. पाठ भिंतीला टेकू द्या.

समोर तेंदूच्या पानांचा ढीग आहे. पहाटे जंगलातून आलेली पानं, अजून ओलसर. एक उचला. मधल्या शिरेवरून अंगठा हळू फिरवा.

श्वास घ्या. सोडा.

इथे ७० पानांचा एक पुडा बांधतात. बांधणाऱ्या हातांकडे बघा. ओठ हलत नाहीत. बोटंच मोजतात.

असे तीन पुडे जवळ घ्या. सोडा त्यांना. २१० पानं.

जोड्या लावा. काही उरत नाही.

तीन-तीन लावा. नाही उरत. पाच-पाच. सात-सात. प्रत्येक वेळी जमीन मोकळी होते. २, ३, ५ आणि ७ यांचा गुणाकारच २१०.

थांबा जरा.

आता त्यात एकच पान ठेवा. २११.

पुन्हा जोड्या लावा, सावकाश. एक पान उरतं.

तीन-तीन. एक उरतं. पाच-पाच. एक. सात-सात. तेच एक.

११ नं दोन उरतात. १३ नं तीन. पुढे १७, पण सतरा ओळी सतराच्या म्हणजे २८९ पानं, तेवढी इथे नाहीतच. हात थांबू द्या.

२११ ही मूळ संख्या. तिची एकच लांब रांग होते.

त्या रांगेकडे बघत राहा.

सुमारे २३०० वर्षांपूर्वी युक्लिडनं हेच पाहिलं. ठाऊक असतील तेवढ्या मूळ संख्या गुणा, वर एक ठेवा. त्यांच्यातल्या कुणानंही भागलं तरी एक उरतो. म्हणजे यादीबाहेरची एखादी मूळ संख्या असतेच: ही नवी संख्या स्वतः, नाहीतर तिला भागणारी दुसरी. कितीही मोठी यादी करा, एक पान बाहेर राहतंच. गणितात याहून मायेचं मला काही भेटलेलं नाही.

श्वास घ्या. सोडा.

हातातलं पान डोळ्यांसमोर धरा. एकाची दोन. दोनाची चार. चाराची आठ. असं १३,६२,७९,८४१ वेळा दुप्पट होऊ द्या. मग एक पान काढून घ्या.

उरते ती मूळ संख्या. २०२४ च्या ऑक्टोबरात लूक ड्युरांट यांना सापडलेली, तोवरची सर्वांत मोठी. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत.

सेकंदाला एक अंक, मनातल्या मनात, न झोपता म्हणत बसा. तेंदूचा हा हंगाम सरतो. पाऊस येतो, जातो. मोह फुलतो. पुढचा हंगामही सरतो. पोळ्याच्या सुमारास शेवटचा अंक ओठांवर येतो.

एक.

एवढ्या पानांचीही एकच रांग. दोन-दोन लावा, तीन-तीन लावा, काहीतरी उरतंच.

ऐका. शेजारी दोरीची गाठ आवळली जाते.

हातातलं पान आता सुकू लागलं आहे. कड किंचित आत वळते आहे.

बघत राहा.