जुनं तेवढंच सोनं का?

आज विषय जरा वेगळा, पण आपल्यातल्या बऱ्याच घरांत मुलं गिटार वाजवतात, म्हणून लिहिते.

अमेरिकेत नाझरेथ गावी मार्टिन कंपनीचा गिटारचा कारखाना आहे. कंपनी १८३३ सालची. तिच्या १९३०च्या दशकातल्या डी-२८ गिटारी जाणकार अजून शोधत असतात. आज कंपनी त्याच मापाची, आतल्या पट्ट्या तशाच कोरून नवी गिटार करते, तरी काही जण म्हणतात, जुनीची सर नाही हो!

असेलही. लाकूड मुरलं की आवाज मोकळा होतो, असं वाजवणारे सांगतात. पण तेव्हाच्या ज्या साधारण निघाल्या, त्या कोण जपणार? उरल्या त्या बहुतेक चांगल्याच. अशी निवडून उरलेली जुनी आणि कालपरवा दुकानात आलेली नवी, दोघींना आपण एकाच तराजूत घालतो.

व्हायोलिनचं तर बघा. २०१२ साली पॅरिसजवळ दहा नामवंत वादकांना गडद चष्मे घालून जुनी-नवी व्हायोलिनं वाजवायला दिली. जुन्यांत स्ट्रॅडिव्हरीचीसुद्धा होती. सहा जणांनी नवंच पसंत केलं! जुनं कुठलं, नवं कुठलं, हेही नीट ओळखता आलं नाही.

मग आपण आवाज ऐकतो की नाव? मला वाटतं, निम्मं तरी नावच.

गिटारीला निदान आपलं बोलणं ऐकू येत नाही. नव्या सुनेला येतं. तिची पहिली पुरणपोळी आपण सासूबाईंच्या चाळीस वर्षांच्या हाताशी लावून बघतो. सासूबाईंची पहिली पोळी कशी झाली होती, हे आठवणारं आता घरात कोणी नसतं.