तो काही करीत नाही

मनन : निर्गम २१:२८-३०, मत्तय ५:२३-२४





सेवेच्या आरंभीच्या वर्षांत आमच्यापाशी एक जुनी सायकल होती. बेळगाव भागातील वाड्यावस्त्यांवर गृहभेटी द्यायच्या त्या तिच्यावरूनच. वाटेत एका वळणावर एक बंगला लागे. त्याचे फाटक नेहमी उघडे असे आणि सायकलची चाहूल लागताच आतून एक काळा दांडगा कुत्रा सुटे. शास्त्राची पिशवी सांभाळावी, हँडल सांभाळावे की पाय वर घ्यावेत, हे कळेनासे होई. मालक व्हरांड्यात चहा घेत बसलेले असत. ते तेथूनच म्हणत, "तो काही करीत नाही हो! तुम्ही घाबरता म्हणून धावतो." आम्ही घामाघूम होऊन पुढे जात असू आणि मनात त्या गृहस्थांविषयी जे म्हणत असू, ते येथे लिहिण्याजोगे नाही.

पुढे पुष्कळ वर्षांनी आमच्याही घरी कुत्रा आला. आमच्याही अंगणाला फाटक होते आणि त्याची कडी सैल होती. पहाटे एक मुलगा सायकलवरून मराठी आणि कानडी वर्तमानपत्रे टाकीत असे. कुत्रा त्याच्यामागे लागे. त्याने एकदोनदा सांगितले, "साहेब, कुत्र्याला बांधा ना." तेव्हा आमच्या तोंडून कोणते शब्द निघाले असतील? तेच! "अरे, तो काही करीत नाही."

एका पावसाळी पहाटे तो मुलगा आमच्या दारासमोर पडला. मनगट मुरगळले, वर्तमानपत्रे चिखलात गेली आणि पोटरीवर दातांचे दोन ओरखडे उठले. आम्ही लसीचा कागद शोधला. तारीख उलटून दीड वर्ष झाले होते.

बंधुभगिनींनो, या विषयात मोशेद्वारे दिलेले नियमशास्त्र किती बारकाईने बोलते ते पाहा. बैलाने अचानक कोणाला हुंदडून ठार केले, तर बैल मारावा, धनी निर्दोष. परंतु बैल मारका आहे हे धन्याला आधीच सांगितले असेल आणि तरीही त्याने त्याला आवरले नसेल, तर धन्याचाही जीव जबाबदार धरला आहे; फार तर खंडणी भरून तो सुटेल. दोन्ही ठिकाणी बैल एकच, शिंगे तीच. फरक एवढाच, की दुसऱ्या धन्याला ठाऊक होते. न्याय बैलाच्या स्वभावाचा होत नाही, धन्याच्या ठाऊक असण्याचा होतो. त्या मुलाने आम्हांला दोनदा सांगितले होते.

देशाचा कायदाही याच वाटेने जातो. १८६० च्या भारतीय दंड संहितेत आपल्या ताब्यातील जनावराविषयी पुरेशी काळजी न घेणे हा गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ मध्ये तो कायम असून त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. पण ख्रिस्ती मनुष्याने केवळ शिक्षेच्या धाकाने फाटक लावावे काय?

सायकलवाल्याची बाजू थोडी पाहू. फिरते चाक दिसले की पाठलाग करावा, ही कुत्र्याची उपजत ओढ आहे. सायकलवाल्याने वेग वाढविला की त्याला अधिक चेव येतो. लाथ मारावी तर तोल जातो. बाजूला वळावे तर मागून मोटार येत असते. कुत्रा चावलाच नाही, तरी माणूस पडतो. आणि आज पहाटे किंवा रात्री सायकलवर कोण असते? दूधवाला, वर्तमानपत्रवाला, रात्रपाळी करून परतणारा रखवालदार, शिकवणीला निघालेली मुलगी. ज्यांना फाटक नाही त्यांच्यावर आमच्या फाटकाआतले जनावर धावते.

त्याहून भयंकर गोष्ट रेबीजची. माणसांना होणारा हा रोग बहुतेक सर्व वेळा कुत्र्यापासूनच येतो आणि लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो. १८८५ साली लुई पाश्चर यांनी पॅरिसमध्ये एका नऊ वर्षांच्या मुलाला लस दिली, तेव्हापासून वेळेवर उपाय करणे मनुष्याच्या हाती आले. म्हणून ओरखडा लहान असला तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी, हळद-चुना-मिरची काही लावू नये आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन सर्व इंजेक्शने ठरलेल्या दिवशी पुरी करावीत. जखम खोल असेल तर तेथे वेगळे औषधही भरावे लागते. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी, परंतु त्यासाठी लस थांबवू नये.

ते दहा दिवस आम्ही विसरलेलो नाही. रोज सकाळी कुत्रा पाणी पितो की नाही हे पाहायचे आणि त्या मुलाचा चेहरा आठवायचा. देवाच्या कृपेने कुत्रा निरोगी राहिला. परंतु ती कृपा होती. आमची काळजी नव्हती.

त्या आठवड्याच्या रविवारी प्रभुभोजन होते आणि आम्ही शेजारप्रीतीवर उपदेश लिहीत होतो. लेखणी पुढे जाईना. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी जाऊन बंधूशी समेट कर, ही प्रभूची आज्ञा समोर उभी राहिली. मुलगा आपल्या मंडळीतला नव्हता. पण चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टांतानंतर ती सबब कशी सांगावी? शनिवारी संध्याकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याची आई म्हणाली, "कुत्र्यावर राग नाही हो. त्या मुक्या जिवाला काय कळतंय? कडी तर माणसानंच लावायची ना!" आम्ही पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत, पण इतके थोडक्यात कोणी सांगितले नव्हते.

ज्याचे जनावर दुसऱ्याच्या शेतात चरले, त्याने आपल्या शेतातील उत्तम पिकातून भरपाई द्यावी, असे निर्गम २२:५ मध्ये सांगितले आहे. उरलेसुरले नव्हे, उत्तम. औषधांचा खर्च, बुडालेल्या दिवसांची मजुरी आणि सायकलची दुरुस्ती देताना आमच्या मनाने घासाघीस केली, हेही कबूल केले पाहिजे.

नीतिमान मनुष्य आपल्या पशूच्या जिवाची काळजी घेतो, असे नीतिसूत्रे १२:१० सांगते. म्हणून कुत्र्याला मारणे किंवा दिवसभर आखूड साखळीने जखडून चिडका करणे हा उपाय नव्हे. वर्षाची लस, पुरेसा फेरफटका, बाहेर नेताना हातात पट्टा आणि फाटकाला पक्की कडी, एवढे पुरे. सायकलवाल्या बंधूंनी कुत्रा अगदी जवळ आल्यास सावकाश उतरावे, सायकल मध्ये धरावी, त्याच्या डोळ्यांत न पाहता शांतपणे पुढे जावे.

आता शेवटचे. काइनाला देवाने सावध केले की पाप दाराशी दबा धरून आहे, त्याच्यावर तुला सत्ता चालवायची आहे (उत्पत्ति ४:७). त्याने दार मोकळे सोडले आणि पुढे विचारले, मी काय भावाचा राखणदार आहे? आमची जीभ, आमचा राग, आमच्या लाडक्या मुलाची भरधाव मोटारसायकल, यांविषयीही आम्ही हेच म्हणत आलो नाही काय, "तो काही करीत नाही"? शेजाऱ्याने दोनदा सांगितले असेल, तर या रविवारी उपासनेला निघण्यापूर्वी आपण आपले फाटक पाहून घेऊ या.

हे देवबापा, जे आमच्या दारातून सुटते त्याचा हिशेब आमच्याकडे आहे, हे आम्हांला दाखीव. ज्यांना आम्ही पाडले त्यांच्या घरी जाण्याची नम्रता आम्हांला दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.