दक्षिणेपासून पाठभेदांपर्यंत

विद्वानांचा सांभाळ राज्याने करावा, ही कल्पना पुण्याला जुनी आहे. पेशवाईत श्रावणात पर्वतीच्या पायथ्याशी रमणा नावाच्या आवारात दक्षिणा वाटली जाई. दूरदूरचे ब्राह्मण येत आणि शास्त्र्यांना त्यांच्या योग्यतेप्रमाणे रक्कम मिळे. पण या व्यवस्थेत दोन मोठ्या उणिवा होत्या. ती एकाच जातीपुरती होती, आणि जे पाठ आहे त्याचाच ती गौरव करी. नवे काही शोधून काढा, असे ती कोणाला सांगत नसे.

पेशवाई गेली, दक्षिणेचा फंड उरला. इंग्रजांनी १८२१ मध्ये विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा काढली, तिला याच पैशाचा आधार होता. खरे वळण आले ते १८४९ मध्ये. लोकहितवादी आणि त्यांच्या सोबत्यांनी अर्ज केला, की दक्षिणेतला काही पैसा मराठीत चांगले ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. सनातनी मंडळी खवळली, तरी दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झालीच. १८५२ मध्ये त्याच विश्रामबाग वाड्यात जोतीराव फुल्यांचा शिक्षणकार्याबद्दल शालजोडी देऊन सत्कार झाला. माणसाचे कूळ न पाहता त्याने काय केले ते पाहायचे, ही साधी गोष्ट सार्वजनिक पैशाच्या बाबतीत पुण्याने तेव्हा शिकायला घेतली. ती पुरती शिकून झाली, असे मी म्हणणार नाही.

पुढची पायरी लोकांनी स्वतः घातली. १९१० मध्ये राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ काढले आणि १९१७ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था उभी राहिली. तिथे १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे, म्हणजे निरनिराळ्या पोथ्यांतले पाठभेद ताडून मूळ पाठाच्या जवळ जाण्याचे काम सुरू झाले, ते पुरे व्हायला १९६६ उजाडले. एकूण १,२५९ हस्तलिखिते पाहिली गेली. काम कसे चाले? एका श्लोकाला एक मोठा कागद. वरच्या ओळीत प्रचलित पाठ, अक्षर सुटे करून मांडलेला. त्याखाली एकेका पोथीची एकेक आडवी ओळ. जिथे अक्षर वेगळे, तिथेच ते लिहायचे. देवनागरी, बंगाली, शारदा, मल्याळम अशा निरनिराळ्या लिप्या वाचणारे शास्त्री आणि पदवीधर वर्षानुवर्षे हे करत बसले. त्यांतल्या बहुतेकांची नावे आज कोणी घेत नाही.

या कामाला शिस्त लावली विष्णु सीताराम सुखटणकरांनी. ते आधी केंब्रिजला गणित शिकले होते, मग बर्लिनला संस्कृतकडे वळले. हा मला योगायोग वाटत नाही. कोणत्या पोथ्या एका मूळ प्रतीतून उतरल्या, हे ठरवायला जी कठोर तर्कबुद्धी लागते, ती त्यांच्यापाशी होती. तसेच फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी भर्तृहरीची चिकित्सक आवृत्ती १९४८ मध्ये काढली, आणि त्याच माणसाने तक्षशिलेची आहत, म्हणजे ठसे उमटवलेली प्राचीन नाणी समजून घेण्यासाठी आधी रोजच्या वापरातली हजारो नाणी तराजूत तोलली. नाणे हातोहात फिरून झिजते; किती झिजले यावरून ते किती काळ चलनात होते याचा अंदाज बांधता येतो. हे विज्ञान की इतिहास, असा प्रश्न त्यांना कामात कधी अडला नाही. पुढे डेक्कन कॉलेजने इनामगावची प्राचीन वस्ती खणली, तेव्हाही मडक्यांइतकेच जळक्या धान्याला आणि हाडांना महत्त्व आले.

राष्ट्रीय पातळीवर मात्र कप्पे पाडले गेले. विज्ञानाच्या अकादम्या १९३० ते १९३५ या काळात अलाहाबाद, बंगळूर आणि कलकत्त्यात निघाल्या. संगीत-नाटक, साहित्य आणि ललित कला यांच्या १९५३-५४ मध्ये दिल्लीत. या अकादम्यांनी मोलाची कामे केली आहेत. पण विज्ञान आणि कला यांना एका छताखाली घेणारी राष्ट्रीय अकादमी आपण उभारली नाही. आणि आज अकादमी म्हटले की बहुतेकांना आठवते ते सदस्यत्व आणि पुरस्कार, म्हणजे पुन्हा रमणाच. मानाला माझा विरोध नाही. मान आधी येतो आणि काम मागे पडते, याचे मला दुःख आहे.

पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, खगोलशास्त्राची आयुका ही संस्था आहे, भांडारकर आणि डेक्कन कॉलेजही आहेत. जुन्या पोथीच्या शाईचे रसायन, पंचांगांतल्या ग्रहणांच्या नोंदी, दुष्काळाचे उल्लेख आणि झाडांच्या खोडातली वलये, यांवर ही मंडळी एकत्र बसू शकतात. त्यासाठी नव्या इमारतीची गरज नाही. गरज आहे ती तीस-चाळीस वर्षे न थांबणाऱ्या पगाराची. महाभारताच्या कामासाठी औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी एक लाख रुपये देऊ केले, शिवाय स्वतः चित्रे काढून दिली. आज तो भार राज्य सरकार, केंद्र आणि पुण्यातले उद्योग यांपैकी कोणी उचलायचा, हे ठरवायला हवे, आणि पहिल्या वर्षाच्या अहवालात निकाल मागायचा नाही, हेही आधीच लिहून ठेवायला हवे.