निवांतपणाचा बेत

उन्हाळ्यात एखादी लहानशी होडी घ्यावी आणि दाभोळच्या खाडीतून, कसलीही घाई न करता, गोवळकोटच्या धक्क्यापर्यंत जावे, असा माझा बेत आहे. अंतर फार नाही. सुमारे ४० किलोमीटर. मोटारीने गेल्यास सकाळचा चहा दाभोळला आणि दुपारचे जेवण चिपळूणला सहज होते. मला मात्र या प्रवासासाठी आठ-दहा दिवस हवे आहेत. माझे एक स्नेही हिशेबतपासनीस आहेत आणि त्यांचा तर्क त्यांच्या खतावणीइतकाच स्वच्छ असतो. त्यांनी हे ऐकून मला विचारले, "निवांत जायचे असेल तर बेत कशाला? आणि बेत केला, तर मग निवांतपणा कुठला?"

प्रश्न वाटतो तितका थट्टेचा नाही. विश्रांतीची वेळापत्रके करून माणसे दमून घरी परतल्याची उदाहरणे प्रत्येकाच्या शेजारी असतात. सहा वाजता सूर्योदय, आठला देऊळ, दहाला धबधबा! अशा सहलीत निवांतपणा हा पाहायच्या स्थळांपैकीच एक होऊन बसतो आणि बहुधा तोच वेळेअभावी राहून जातो. परंतु मराठीत 'बेत' हा शब्द केवळ आखणीपुरता नाही. आज जेवणाचा काय बेत आहे, असे आपण विचारतो, तेव्हा त्यात पुरणाचा वास आधीच आलेला असतो. बेत करण्यातच अर्धे जेवण होते. तेव्हा स्नेह्यांच्या तर्काला पहिले छिद्र भाषेनेच पाडून ठेवले आहे, असे मला वाटते.

दुसरे छिद्र खाडीने पाडले. खाडीत जायचे म्हणजे आखणी आपल्या हाती फारशी राहतच नाही. चंद्राने ती करून ठेवलेली असते. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा एक सोपा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा; म्हणजे भरती सकाळी सहाच्या सुमारास आणि पुन्हा संध्याकाळी. पौर्णिमेला सव्वाअकरा, प्रत्यक्षात थोडे पुढे, बाराच्या आसपास. हिशेब ढोबळ आहे, आणि खाडीच्या मुखाशी भरती पूर्ण झाल्यावरही आत पाणी काही वेळ चढतच असते. पण वल्हे मारणाऱ्याला तो पुरतो.

आता हा हिशेब माझ्या प्रवासाला लावून पाहा. वर जायचे तर भरतीबरोबर जावे. पौर्णिमेला पहाटे ओहोटी संपते आणि सहापासून दुपारपर्यंत उधाणाचे पाणी होडीला आपण होऊन आत नेते. पौर्णिमा, प्रतिपदा, द्वितीया अशा तीन सकाळी मिळाल्या, तर हाताला फोड न येता गोवळकोट गाठता येईल. मग लगेच उलटे का फिरू नये? कारण त्या तिथींना ओहोटी लागते दुपारी, आणि दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटलेला असतो. पाणी होडीला खाली ओढते, वारा वर ढकलतो, आणि दोघांच्या भांडणात लाटा उभ्या राहतात. परतायला हवी अष्टमी. सहाला भरती पूर्ण होते, पाणी भांगाचे म्हणजे सौम्य असते, आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा पाठीशी असतो. म्हणजे जायचे पौर्णिमेला आणि निघायचे अष्टमीला. मधले चार-पाच दिवस थांबण्याचे. ते मी ठरवलेले नाहीत. ते तिथीतच आहेत.

हे कळल्यावर मला निवांतपणाविषयी एक निराळीच शंका येऊ लागली. आपण समजतो की निवांतपणा म्हणजे वेळापत्रक नसणे. पण वेळापत्रक नसलेला माणूस दर घटकेला काय करावे हे ठरवत बसतो, आणि ठरवण्याइतके थकवणारे दुसरे काम नाही. याउलट, आता ओहोटी आहे, सहा तास काही करता येणार नाही, हे ज्याला मान्य झाले त्याचे मन मोकळे होते. तुरुंगातल्या कैद्यालाही ठरवायचे काही नसते, असे कोणी म्हणेल. खरे आहे, पण त्याचे वेळापत्रक दुसऱ्या माणसाने केलेले असते आणि त्याची संमती कोणी विचारलेली नसते. मालदोलीच्या बाजूला ओहोटीच्या चिखलावर मगरी उन्हात पडलेल्या असतात. त्यांना पाहायला आता पर्यटक येतात, आणि "काय निवांत आहेत!" असे म्हणतात. मला ते पटत नाही. मगर रिकामी असते. निवांत होण्यासाठी ज्याला मान्यता द्यावी लागते असे काही तिच्यापुढे नसते.

आणि खाडी तरी आता सर्वस्वी चंद्राची कुठे राहिली आहे? कोकणातल्या बहुतेक नद्या वैशाखात आटून दगडगोटे दाखवतात. वाशिष्ठी मात्र वाहते, कारण कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळी-कोळकेवाडीकडे उतरते आणि वीज देऊन याच नदीला मिळते. मुंबई-पुण्याकडे पंखे फिरू लागले की इथे पाणी वाढते. ज्या शहरातून मी पळून आलो, त्याचीच वर्दी वरून वाहत येणार.

येथवर माझा युक्तिवाद मला आवडला होता. पण तो एका होडीवाल्यापुढे मांडला, तेव्हा त्याने तो एका वाक्यात जमिनीवर आणला. "साहेब, थांबायचं तुम्हाला बरं वाटंल, माझ्या थांबण्याचे पैसे कोण देणार?"

त्याचे म्हणणे असे. खाडीत भाडे ठरते ते फेरीवर. या काठाहून त्या काठाला इतके. फेरीवर मोबदला म्हणजे जितक्या लवकर पोचेल तितका त्याचा फायदा. मी जितका रेंगाळेन तितका त्याचा तोटा. मी कांदळवनाच्या सावलीत नांगर टाकून खंड्या पाहत बसणार, आणि तो त्याच सावलीत बसून बुडालेली ओहोटी मोजणार. होडी एक, सावली एक, वेळही तीच. पण एक माणूस निवांत आणि दुसरा खोळंबलेला! भरती-ओहोटी दोघांना सारखीच लागू आहे म्हणून ती निःपक्षपाती, असे मी मनाशी म्हणत होतो. घड्याळ निःपक्षपाती असेल. त्या घड्याळावर कोणाची चूल चालते आणि कोणाची सुट्टी, हे घड्याळ सांगत नाही. खाडीतली मासळी पूर्वीसारखी उरलेली नाही, लोट्याच्या कारखान्यांच्या सांडपाण्याविषयी इथले भोई वर्षानुवर्षे तक्रार करीत आले आहेत. अशा ठिकाणी एकेका ओहोटीला किंमत असते.

तेव्हा माझ्यापुढचा प्रश्न स्नेह्यांनी विचारला होता तो नव्हेच. निवांतपणाचा बेत करावा की नाही, हा प्रश्न सोपा आहे. तो निवांतपणा कोणाच्या खिशातून येतो, हा खरा प्रश्न आहे. आपल्याकडच्या बहुतेक विश्रांतीमागे कोणीतरी ताटकळत उभा असतो: गाडीवान, स्वयंपाकीण, चौकीदार. घरात तर ती व्यक्ती इतकी जवळची असते की तिचे ताटकळणे आपण प्रेम समजतो.

म्हणून आम्ही भाडे फेरीवर न ठरवता दिवसावर ठरवले, थांबण्याचे दिवस धरून. आणखी एक अट मी घातली: हवा पाहून "आज नाही" म्हणायचा अधिकार त्याचा, आणि त्या दिवसाचे पैसेही पूर्ण. ही अट उदारपणाची नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट भर पावसाळ्यात काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. खाडीतली लहान होडी आणि समुद्रावरची बोट यांची तुलना होत नाही. पण पाण्यावर 'नाही' म्हणण्याची किंमत ज्याला स्वतःच्या पोटातून द्यावी लागते, तो माणूस कधीतरी 'हो' म्हणतो, एवढे दोन्हीकडे खरे आहे.

स्नेह्यांना हा करार दाखवला, तेव्हा त्यांनी चष्मा वर केला. "न केलेल्या प्रवासाचे पैसे कोणत्या खात्यात टाकणार?" त्यांच्या शास्त्रात त्याला खाते नाही म्हणतात. मी 'प्रवासखर्च' असेच लिहिले आहे.

तिथीचा मात्र वाद राहिला होता. मला ज्येष्ठी पौर्णिमा हवी होती. आकाशात ढग जमू लागलेले असतात आणि ऊन जरा सोसवते. होडीवाल्याने मान हलवली. ज्येष्ठात होडी वर ओढून झापांनी शाकारायची असते, जाळी धुवून माळ्यावर टाकायची असतात, घरावरची कौले परतायची असतात. वैशाखीच धरा, तो म्हणाला. ऊन लागेल, टोपी आणा.